पिशवीतलं पाणी, फोनवरचा आकडा

पोटात दोन हजार मिलिलिटर पाणी सोडलं, चार तासांनी काढून मोजलं तर भरलं अठराशे पन्नास. मग दीडशे गेलं कुठं? घरी पोटाचं डायलिसिस करणाऱ्या माणसाच्या दिवसातला हा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे, कारण जेवढं आत गेलं त्याहून थोडं जास्तच बाहेर यायला हवं. त्यासाठी लगेच रक्त तपासायला नको की सोनोग्राफी नको. जुनी जाणती सिस्टर फोनवर आधी विचारते ते असं: “काका, काल पोट साफ झालं होतं का?” बद्धकोष्ठ झालं की गच्च भरलेलं आतडं पोटातल्या नळीला बाजूला ढकलतं, नळीची भोकं दाबली जातात आणि पाणी आतच अडकतं. बऱ्याचदा एका रेचकावर काम भागतं आणि दुसऱ्या दिवशी आकडा जागेवर येतो.

एवढंसं बोलणं व्हायलासुद्धा तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. घरात कुणीतरी तो आकडा मोजून लिहिलेला हवा. तो त्याच दिवशी दवाखान्यात पोचायला हवा. आणि तिथं तो वाचून उलट फोन करायला एक माणूस मोकळं हवं. स्मार्टफोनवरचं ॲप यातलं मधलं काम करतं, आणि चांगलं करतं. पहिलं आणि तिसरं काम त्याच्या हातात नसतं. घरच्या डायलिसिसवर फोनने लक्ष ठेवण्याची जी काही कहाणी आहे, ती या दोन टोकांची आहे. म्हणून या प्रकरणात ॲपच्या पडद्यापेक्षा त्या टोकांकडेच जास्त बघू.

आधी पोटाचं डायलिसिस म्हणजे काय ते. पोटाच्या पोकळीला आतून एक पातळ अस्तर असतं, पेरिटोनियम. त्यात बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. बेंबीच्या बाजूला छोटी शस्त्रक्रिया करून सिलिकॉनची मऊ नळी बसवतात आणि ती कायम तिथंच राहते. माणूस हात धुतो, मास्क लावतो, दार-खिडक्या लावतो, पंखा बंद करतो. पोटातलं जुनं पाणी खाली ठेवलेल्या रिकाम्या पिशवीत उतरवतो, वर खुंटीला टांगलेल्या पिशवीतलं नवं पाणी आत घेतो, नळीचं तोंड बंद करतो आणि कामाला लागतो. एकूण अर्धा तास, दिवसातून तीन-चार वेळा. या पाण्यात डेक्स्ट्रोज, म्हणजे साखर असते. ती रक्तातलं जादा पाणी ओढून घेते. युरिया, क्रिएटिनिन वगैरे घाण अस्तरातून पाझरून त्याच पाण्यात येते. पिशव्या दीड, अडीच आणि सव्वाचार टक्के साखरेच्या मिळतात. साखर जास्त तितकं पाणी जास्त निघतं. दोन लिटरच्या अडीच टक्के पिशवीत पन्नास ग्रॅम साखर असते आणि तिच्यातली बरीचशी अंगात शिरते, म्हणून मधुमेह असलेल्या माणसाला कुठली पिशवी कधी लावायची हा रोजचा हिशोब होऊन बसतो. सूज दिसली म्हणून घरच्यांनी आपल्या मनाने सव्वाचार टक्क्यांची पिशवी लावली, की पाणी उतरतं खरं, पण रक्तातली साखर वर जाते.

दवाखान्यात होतं ते हिमोडायलिसिस. हातावर फिस्टुला, म्हणजे शीर आणि धमनी यांचा जोड, केलेला असतो, त्यात दोन सुया टोचून रक्त यंत्रातून फिरवतात. एका बैठकीला चार तास लागतात. मिनिटाला पाचशे मिलिलिटर या हिशोबाने शंभर-सव्वाशे लिटर शुद्ध पाणी लागतं. आठवड्याला तीन बैठका व्हाव्यात असं शास्त्र सांगतं, आपल्याकडे असंख्य लोक दोनवर भागवतात. केंद्र सरकारच्याच आकड्यांप्रमाणे देशात दरवर्षी सुमारे 2.2 लाख नव्या रुग्णांच्या किडन्या शेवटच्या टप्प्याला येतात आणि त्यापायी वर्षाला 3.4 कोटी बैठकांची गरज वाढते. 2016 साली पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला तो हिमोडायलिसिसपासून. पोटाच्या डायलिसिसची मार्गदर्शक तत्त्वं 2019 मध्ये आली. हाँगकाँगने 1985 पासून आणि थायलंडने 2008 पासून सरकारी खर्चाच्या डायलिसिसमध्ये पोटाच्या डायलिसिसला पहिला मान दिला. आपण आधी यंत्रं मांडली, घराचा विचार मागाहून केला.

घराचा हा विचार एका शहरापुरता, सुरतेत, करून बघायचा तर नकाशाच्या दक्षिण-पूर्व कडेला जावं लागतं. लिंबायत, उधना, डिंडोली, नवागाम, गोडादरा, पांडेसरा. सुरत-भुसावळ लाइनवरून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगावकडून पोटापाण्यासाठी आलेली माणसं इथं दोन-तीन पिढ्यांपासून राहतात. गल्लीत अहिराणी, दुकानात गुजराती, कारखान्यात हिंदी आणि शाळेत मराठी. सुरत महापालिकेच्या प्राथमिक शाळा गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया आणि तेलुगू माध्यमातही चालतात. यंत्रमागाच्या खात्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या असतात, पगार कामावर असतो आणि खाडा म्हणजे पैसे कट.

अशा घरातला कर्ता माणूस डायलिसिसवर आला की आठवड्यातले दोन-तीन दिवस जातात. चार तासांची बैठक, जाण्या-येण्याचा वेळ, आणि घरी आल्यावर अंगात त्राण नसतं ते वेगळंच. नवं सिव्हिल हॉस्पिटल, महापालिकेचं स्मीमेर, खासगी आणि ट्रस्टची हॉस्पिटलं अशी सोय शहरात आहे. अहमदाबादच्या ज्या किडनी संस्थेला डॉ. हरगोविंद त्रिवेदी यांनी नावारूपाला आणलं, तिच्यामार्फत गुजरात डायलिसिस कार्यक्रमाची केंद्रं जिल्ह्या-तालुक्यांत चालतात. बैठक फुकट मिळते, ही मोठी गोष्ट आहे. पण अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी जायचं म्हटलं तर तीन दिवसांच्या वर मुक्काम करता येत नाही, भाचीच्या लग्नाची तारीख बैठकीच्या वारावर आली तर हळद सोडावी लागते, आणि नोकरी टिकवणं अवघड होतं ते होतंच.

पोटाच्या डायलिसिसने हे सगळं सुटतं असं मात्र कुणी सांगू नये. हिशोब करू. रोज तीन पिशव्या म्हणजे महिन्याला नव्वद. प्रत्येकी दोन लिटर म्हणजे एकशे ऐंशी लिटर, खोक्यांसकट दोनशे किलोच्या आसपास माल. दहा बाय बाराच्या खोलीत तो ठेवायचा कुठं? पलंगाखाली, माळ्यावर, शेजाऱ्याच्या जिन्याखाली. शिवाय दुपारची पिशवी. बारा तासांच्या पाळीत एकदा तरी पाणी बदलावं लागणार, आणि खात्यात सगळीकडे कापसाचा-धाग्याचा भुगा उडत असतो. तिथं नळीचं तोंड उघडायचं म्हणजे संसर्गाला आवतण. मग एक तर रात्री झोपेत पाणी बदलणारं सायकलर यंत्र हवं, किंवा मालकाने कापडाच्या गाठी ठेवायची का होईना, एक बंद कोरडी खोली द्यायला हवी. आणि घरी मे महिन्यात, सुरतेच्या दमट उकाड्यात, अर्धा तास पंखा बंद. हे ज्याने केलं त्यालाच ठाऊक.

घरी डायलिसिस ही कल्पना तशी जुनी. अमेरिकेत सिएटलला बेल्डिंग स्क्रिबनर यांनी 1960 मध्ये हातात कायम ठेवता येणारी नळी शोधली आणि डायलिसिस महिनोन्‌महिने करणं शक्य झालं. 1964 मध्ये त्यांच्या गटाने एका शाळकरी मुलीसाठी घरी चालणारं यंत्र बनवून घेतलं. पोटाच्या डायलिसिससाठी टेंकहॉफ यांची नळी 1968 मध्ये आली, रोज हिंडत-फिरत करायची पद्धत टेक्सासच्या पोपोविच आणि मॉन्क्रिफ यांनी 1976 मध्ये मांडली, आणि टोरांटोच्या ओरिओपूलॉस यांनी काचेच्या बाटल्या काढून प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या. भारतात ही पद्धत 1991 पासून रुजू लागली. पण डायलिसिस हा शब्द आपल्याकडे घराघरांत पोचला तो त्याच्या बराच आधी, जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. आणीबाणीत स्थानबद्धतेतून सुटून 1975 च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या जसलोकमध्ये आले तेव्हा त्यांच्या किडन्या गेल्या होत्या. यंत्रासाठी लोकांनी वर्गणी काढली. इंदिरा गांधींनी पाठवलेले नव्वद हजार रुपये परत गेले. पुढे पाटण्यात कदमकुआँच्या घरीच त्यांचं डायलिसिस होई, 1979 च्या ऑक्टोबरपर्यंत. त्यांच्या दिमतीला प्रशिक्षित माणसं होती आणि देशाचं लक्ष होतं. लिंबायतच्या खोलीत यातलं काही नसतं, म्हणून फोनचा प्रश्न येतो.

फोन आणि पोटाचं डायलिसिस यांची सांगड घालणाऱ्या आपल्याकडच्या प्रयोगांत हैदराबादचं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. डॉ. के. एस. नायक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अडीचशेच्या आसपास रुग्णांचा अनुभव 2012 मध्ये प्रसिद्ध केला. त्यातले जवळजवळ निम्मे खेड्यांतले होते. साधे मोबाइल, एसएमएस, डिजिटल कॅमेऱ्यातले फोटो, जिथं मिळेल तिथलं इंटरनेट आणि घरोघर जाणारे प्रशिक्षित समन्वयक एवढ्यावर सगळं चाललं. ॲप नावाची गोष्ट त्यात नव्हती. खेड्यांतले रुग्ण जगण्याच्या बाबतीत शहरी रुग्णांच्या मागे पडले नाहीत. दवाखान्यापासूनचं अंतर ही अडचण आहे असं आपण धरून चालतो. इथं ती समन्वयकाने भरून काढली, आणि फोन त्याच्या हातातलं हत्यार होता.

आता ॲपमध्ये असतं काय ते पाहू. बहुतेकांत चारच गोष्टी मुळाशी असतात: सकाळचं वजन, रक्तदाब, प्रत्येक पिशवीला किती आत गेलं-किती बाहेर आलं, आणि निघालेल्या पाण्याचा फोटो. कुठं औषधांची आठवण, कुठं पुढच्या खोक्यांची मागणी, कुठं व्हिडिओ कॉल. रात्रीचं सायकलर यंत्र असेल तर आकडे माणसाने भरावेच लागत नाहीत. बॅक्स्टर कंपनीने आणलेल्या शेअरसोर्ससारख्या व्यवस्थेत यंत्र स्वतःच रात्रीचा सगळा हिशोब दवाखान्यात पाठवतं आणि डॉक्टर तिथूनच यंत्राची मात्रा बदलू शकतात. कोलंबियात अशा यंत्रांवरच्या रुग्णांना रुग्णालयात कमी वेळा दाखल व्हावं लागलं असं 2019 मध्ये दिसलं. त्याच वर्षी वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या तज्ज्ञांनी किडनीच्या रुग्णांसाठीच्या अशा डिजिटल उपायांच्या 43 चाचण्या तपासल्या आणि पुरावा कच्चा आहे, ठाम काही सांगता येत नाही, असा निकाल दिला. दोन्ही खरं आहे. यंत्राने आकडे आपोआप पाठवणं आणि माणसाने ते रोज न चुकता भरणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि चाचण्यांमध्ये या दोघांची सरमिसळ होते.

माणसाने भरायचे आकडे किती भरवशाचे? वजनच घ्या. डायलिसिसच्या रुग्णाचं रात्रीत एक किलो वाढलं तर ते मांस नसतं, एक लिटर पाणी असतं. म्हणून काटा तोच हवा, वेळ तीच, कपडे साधारण तेवढेच, आणि पोट पाण्याने भरलेलं की रिकामं हेही रोज एकच. चाळीतल्या खोलीत लादी उंच-सखल असते. काटा भिंतीकडून दाराकडे सरकवला की पाचशे ग्रॅम इकडचे तिकडे होतात. लादीवर खडूने चौकोन आखून काटा नेहमी त्यातच ठेवायचा, हा उपाय कुठल्याही ॲपच्या सूचनेपेक्षा जास्त उपयोगी आहे. रक्तदाबाचंही तसंच. जिना चढून आल्या-आल्या पट्टा बांधला तर यंत्र बिचारं खरंच सांगतं, पण ते जिन्याचं सांगतं.

भरणारा हात कुणाचा, हा त्याहून मोठा प्रश्न. घरात चांगला फोन बहुतेकदा एकच असतो आणि तो मुलाकडे किंवा कॉलेजला जाणाऱ्या मुलीकडे असतो. ती सकाळी सातला निघाली की ॲप तिच्याबरोबर निघतं. बाबांचे आकडे दिवसभर आईच्या डोक्यात किंवा भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात, दुधाच्या हिशोबाखाली, पेनाने लिहिलेले. रात्री मुलगी आली की ते एकदम भरले जातात. ॲपला वाटतं चारही नोंदी रात्री साडेनऊला झाल्या. दुपारी दोनला पाणी कमी आलं होतं, हे कळायला साडेसात तास गेले. यावर ॲप बनवणारे सूचनांचा मारा वाढवतात. त्यापेक्षा कालनिर्णयच्या त्या चौकोनाचा फोटो दुपारी शेजारच्या फोनवरून पाठवायची मुभा द्यावी. सिस्टरला अक्षर वाचता येतं.

म्हणूनच आपल्याकडचं खरं ॲप बहुतेक ठिकाणी व्हॉट्सॲप आहे. ते सगळ्यांना येतं, आजीलासुद्धा. त्यात आवाजात निरोप ठेवता येतो, तोही अहिराणीत. डॉक्टरांनी असा सल्ला द्यावा का, याबद्दल पूर्वी धाकधूक होती. 25 मार्च 2020 ला, देशभर टाळेबंदी लागली त्याच दिवशी, दूरवैद्यकाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली आणि फोन, व्हिडिओ, व्हॉट्सॲप यांवरून सल्ला द्यायला रीतसर वाट मिळाली. मात्र व्हॉट्सॲपमध्ये आकड्यांचा आलेख होत नाही. गेल्या दहा दिवसांत निघणारं पाणी हळूहळू कमी होतंय, हे शुभेच्छांच्या आणि फुलांच्या चित्रांमधून शोधून काढणं सिस्टरला जमत नाही. नीट बनवलेलं ॲप इथं कामाला येतं: ते दहा दिवस एका रेषेत दाखवतं, आणि रेष उताराला लागली की लाल खूण करतं. एका दिवसाचा आकडा फसवतो, रेष सहसा फसवत नाही.

आता फोटो. पोटाच्या डायलिसिसमधला मोठा शत्रू म्हणजे पेरिटोनायटिस, अस्तराला होणारा जंतुसंसर्ग. त्याची पहिली खूण बहुतेकदा पिशवीत दिसते: एरवी फिकट पिवळं, आरपार दिसणारं पाणी गढूळ होतं. ते ओळखायची शिकवण जगभर एकच आहे. भरलेली पिशवी छापील कागदावर ठेवा. तिच्यातून अक्षरं वाचता आली तर ठीक, नाही आली तर पिशवी घेऊन तडक दवाखाना गाठा. लोक वर्तमानपत्र वापरतात. तासन्‌तास वाट बघायची नाही. अँटिबायोटिक सुरू करायला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिराने नळी काढावी लागण्याचा आणि जिवाचाही धोका वाढतो, असं ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात दिसलं आहे.

फोटोमुळे हा निर्णय मिनिटांत होऊ शकतो, आणि फोटोमुळेच चुकूही शकतो. पिवळ्या दिव्याखाली सगळीच पिशवी गढूळ दिसते. फ्लॅश मारला तर प्लास्टिक चमकतं आणि आतलं काही दिसत नाही. पाठवताना फोटो आक्रसतो. नुसत्या पिशवीचा फोटो काढण्यापेक्षा पिशवीमागे छापील कागद धरून काढलेला फोटो डॉक्टरांना कितीतरी जास्त सांगतो, कारण मग त्यांना रंगाचा अंदाज करायचा नसतो, अक्षरं दिसतात की नाही एवढंच बघायचं असतं. शिवाय गढूळ दिसलं की संसर्गच असं नाही. पांढरे धागे तरंगत असतील तर ते फायब्रिन नावाचं प्रथिन असू शकतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी पाणी दुधासारखं होतं. पाळीच्या दिवसांत बाईच्या पिशवीत तांबूस छटा येते, आणि हे कुणी आधी सांगितलं नसेल तर घरात हाहाकार उडतो. अमेरिकेत पाण्याचा गढूळपणा आपोआप मोजणाऱ्या उपकरणाला 2022 मध्ये परवानगी मिळाली. ते इथं परवडेल तेव्हा परवडेल; तोवर वर्तमानपत्र फुकट आहे.

तांबूस पिशवीचा विषय निघालाच आहे तर एक अवघड गोष्टही बोलून टाकू. नळी बेंबीशेजारी असते. तिथली कातडी लाल झाली का, पू आला का, हे बघायला फोटो लागतो. सुनेने पोट उघडं ठेवून फोटो काढायचा कुणाकडून? दिराच्या फोनवरून? काढला तर तो आपोआप गॅलरीत जाऊन बसतो आणि संध्याकाळी गेम खेळणाऱ्या पोराच्या बोटाखाली येतो. 2023 साली देशात डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण तो कंपन्या आणि संस्थांना बांधतो, घरातल्या सामायिक फोनला नाही. फोटो गॅलरीत न उतरवता थेट ॲपमधून जावा आणि पलीकडे तो स्त्री समन्वयकच उघडेल अशी सोय हवी. ती नसली की बायका फोटो पाठवतच नाहीत आणि दवाखान्यात “रुग्ण सहकार्य करत नाही” असा शेरा पडतो.

हिमोडायलिसिस घरी करता येतं का? येतं. हैदराबादचे कमल शाह यांच्या किडन्या 1997 मध्ये निकामी झाल्या. 2006 पासून ते रात्री झोपेत घरीच हिमोडायलिसिस करत आले, पोहत राहिले, आणि पुढे नेफ्रोप्लस या डायलिसिस केंद्रांच्या साखळीचे सहसंस्थापक झाले. पण त्यासाठी घरात यंत्र, आरओ प्लांट आणि सुया टोचणारा तंत्रज्ञ लागतो. उधन्याच्या चाळीत त्याचा विचार नको. केंद्रावर जाणाऱ्यांसाठी फोनचा उपयोग दोन बैठकांच्या मधल्या दिवसांपुरता आहे. आठवड्यात दोनच बैठका असतील तर एक खिंड तीन-चार दिवसांची पडते, आणि लांब खिंडीनंतरच हृदय बंद पडण्याचा धोका जास्त असतो हे मोठमोठ्या नोंदींतून दिसलेलं आहे. रोज सकाळी वजन पाठवलं आणि दोन दिवसांत अडीच किलो वाढलेलं दिसलं, तर सिस्टर मीठ-पाण्याबद्दल विचारू शकते. खानदेशी घरात ती विचारपूस शेवभाजीपर्यंत जाते. शेवेत मीठ, रश्शात मीठ, वर पापड. मग तहान, मग पाणी. “पाणी कमी प्या” असं दहादा सांगण्यापेक्षा “शेव काय, किती वेळा?” असं एकदा विचारलेलं बरं. पोटॅशियम मात्र कुठल्याच फोनला कळत नाही. नारळपाणी प्यायलं, केळी खाल्ली, तर वजनात काही दिसणार नाही, रक्तदाबात काही दिसणार नाही, ॲपवर सगळं हिरवं असेल आणि हृदय थांबू शकेल. ॲप देणाऱ्याने हे पहिल्या दिवशी सांगायला हवं.

सुरतेला या सगळ्याची एक जादा गरज आहे, ती तापीमुळे. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि शहराचा मोठा भाग काही दिवस पाण्याखाली होता. डायलिसिस केंद्राला वीज लागते, शुद्ध पाण्याची टाकी लागते, तंत्रज्ञ घरून यावा लागतो. पुरात तिन्ही जातात. पोटाच्या डायलिसिसला हाताने पिशवी लावायची तर विजेचीही गरज नाही, फक्त खोकी तळमजल्यावर नकोत. टाळेबंदीत बंदी वेगळी होती पण गत तीच. राजस्थानात सरकारी विम्यावरच्या डायलिसिस रुग्णांना फोन करून संशोधकांनी विचारलं तेव्हा साठ टक्क्यांहून जास्त जणांच्या उपचारांत खंड पडल्याचं दिसलं. कुणाकडे किती पिशव्या शिल्लक आहेत, कोण कुठल्या गल्लीत अडकलंय, कुणाचं वजन वाढतंय, ही यादी ज्या समन्वयकाच्या फोनमध्ये आधीपासून असते, त्याला पुराच्या दिवशी नवं काही शोधावं लागत नाही.

राहता राहिला पैशाचा प्रश्न, आणि माझ्या मते गाडी तिथंच अडते. सरकारी विमा योजनेतून हिमोडायलिसिसचे पैसे बैठकीला मिळतात. ऑगस्ट 2023 मध्ये गुजरात सरकारने एका बैठकीचा दर दोन हजारांवरून 1,650 रुपयांवर आणला तेव्हा राज्यातल्या किडनीतज्ज्ञांनी तीन दिवस योजनेतलं डायलिसिस बंद ठेवून निषेध केला. भांडण बैठकीच्या दराचं होतं, कारण बिल बैठकीचंच होतं. घरी बसलेल्या पन्नास रुग्णांचे आकडे रोज सकाळी वाचणारी, त्यातल्या सहा जणांना फोन करणारी आणि एकाला “पिशवी घेऊन आत्ताच्या आत्ता निघा” म्हणणारी सिस्टर त्या बिलात कुठल्या रकान्यात बसवायची? तिच्या फोनमुळे जी भरती टळली तिचं बिलच होत नाही. अमेरिकेत सरकारी विमा 2019 पासून घरून आलेले आकडे वाचण्याचे वेगळे पैसे देतो. महिन्यात वीस मिनिटं रुग्णासाठी खर्च केली की त्याचा मोबदला ठरलेला आहे. आपल्याकडे हे काम बहुतेक ठिकाणी पिशव्या विकणाऱ्या कंपनीचा समन्वयक करतो किंवा एखादी सिस्टर आपल्या पाळीनंतर आपल्याच फोनवरून करते. कंपनीचा माणूस वाईट असतो असं नाही, कित्येक जण जीव ओतून काम करतात. पण रुग्णाने पिशव्या घेणं थांबवलं की त्याचा नंबरही त्या यादीतून जातो.

दवाखान्याने ॲप उतरवून दिलं की घरच्यांनी तिथल्या तिथे विचारून घ्यावं: रविवारी रात्री पिशवी गढूळ आली तर हा फोटो कोण बघणार, त्याचं नाव काय, आणि तो मराठी किंवा हिंदी बोलतो का. उत्तरात माणसाचं नाव आलं तर ॲप ठेवावं. नुसतं “सिस्टीम बघते” असं उत्तर आलं, तर वॉर्डातल्या सिस्टरचा नंबर कालनिर्णयवर लिहून घ्यावा.